आईला विचारून पाणी वाटणाऱ्या अण्णांना

अण्णा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही तुमच्या टेम्पोतून सामान आणून दिलंत ते नवं घर लावून झालं. देव बसले, गॅस जोडून झाला, आईला खिडकीजवळची जागा मिळाली. शाळा सुरू व्हायच्या आत हे पत्र लिहून काढायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं. तुम्ही घरी तेलुगू बोलत असलात तरी मराठी पेपर रोज वाचता, हे टेम्पोच्या पुढच्या काचेजवळ घडी घालून ठेवलेल्या पेपरावरून कळलं होतं. म्हणून लिहूनच कळवते. आणि उघडपणे लिहिते, चार लोकांनी वाचावं म्हणून. सोलापुरात दर उन्हाळ्यात कितीतरी घरं इकडची तिकडे होतात. त्यातल्या एखाद्या घराला तरी तुमच्यासारखं माणूस भेटावं असं मला फार वाटतं.

तुमच्या आधी आमच्याकडे कोण येऊन गेलं ते त्या दिवशी तुम्हाला सांगितलं नाही. सांगायची इच्छाच होत नव्हती. आज सांगते.

सामान हलवून देणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला होता. चपला न काढता थेट देवघरापर्यंत गेला. साखर पेठेतलं आमचं घर तुम्ही पाहिलंच आहे, दोन खोल्या, माळा आणि पुढे ते अंगण. त्यानं कापसाच्या गाद्या बघितल्या, पितळी घागरी, ज्वारीची कोठी, बाबांची वेताची खुर्ची बघितली आणि आईच्या देखत मला म्हणाला, "मॅडम, यातलं निम्मं टाकून द्या. नव्या फ्लॅटला हे शोभणार नाही." मग टॅबवर बोट फिरवत यादी वाचली. बबल रॅपचे रोल, थर्माकोल, नवीकोरी खोकी, चिकटपट्टी आणि या सगळ्यावरून गुंडाळायला पातळ प्लास्टिक. मी विचारलं, सामान उतरवल्यावर हे सगळं तुम्ही परत नेता ना? तर म्हणाला, "ते तुमचं तुम्ही बघा."

मी जुळे सोलापुरात माझ्या मावसभावाचं घर हलताना पाहिलं होतं. तेव्हाचा तो प्लास्टिकचा ढीग कुणी बघितला? शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर जाऊन पडला, वाऱ्यानं बाभळीवर चढला, गायी त्यात तोंड घालत राहिल्या. शेवटी कुणीतरी काडी लावली. थर्माकोल जळतं तेव्हा जो काळा, घशात बसणारा धूर निघतो, तो त्या गल्लीतल्या बारक्या पोरांच्या छातीत गेला. राज्यात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, भाजीवाल्या मावशींना दंड भरावे लागले. आणि एका घराच्या सामानाबरोबर गल्ली झाकेल एवढं प्लास्टिक येतं, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मी पाचवीला परिसर अभ्यास शिकवते. पोरांना एक सांगायचं आणि आपलं घर हलताना दुसरंच करायचं, हे मला जमणार नव्हतं. पण दुसरा कुणी मिळेना, तेव्हा त्या कंपनीला आगाऊ पैसे दिले.

आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. गाडी पुण्याच्या भाड्यावर गेली आहे, चार दिवसांनी बघू. आगाऊ पैशाचं नाव काढलं तर फोन ठेवून दिला. ते पैसे अजून आलेले नाहीत.

आणि आमचे नातेवाईक! त्यांच्यावर राग धरू नये, पण धरलाय. मदतीला यायला कुणाला सवड नव्हती, सल्ले मात्र घरपोच. "जुनं ते जाळून टाका." "गाद्या कशाला नेता, फोमच्या घ्या." "फ्रीज भंगारात द्या." आई हे सगळं ऐकत भिंतीला टेकून बसलेली असायची. महिनाभर ती जवळजवळ गप्पच होती. लग्न होऊन त्या घरात आली, बाबा मिलमधून यायचे तेव्हा त्याच अंगणात हातपाय धुवायचे, मिल बंद पडली तेव्हा त्याच अंगणात बसून तिनं विड्या वळल्या. आता गुडघ्यांमुळे जिना आणि उंबरा होत नाही, म्हणून लिफ्टच्या इमारतीत जायचं ठरलं. निर्णय बरोबर होता. पण तो निर्णय तिच्याबद्दल होता आणि तिला सोडून सगळे त्यावर बोलत होते.

अशा वेळी मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यानं तुमचं नाव सांगितलं. मी फोनवर रडकुंडीला आले होते. तुम्ही भाडं सांगायच्या आधी विचारलंत, "ताई, सकाळी लवकर चालेल का? पहाटे यार्डात कांदा उतरवला की गाडी रिकामीच परत येते. तेव्हाच तुमचं सामान घेतो. उगं रिकामी गाडी फिरवून डिझेल कशाला जाळायचं?" अण्णा, मी वर्गात इंधन वाचवा, इंधन वाचवा म्हणून फळ्यावर लिहिते. इतक्या साधेपणानं ते कुणी माझ्याशी बोललं नव्हतं.

सकाळी तुम्ही आलात ते यार्डातल्या अडत्याकडून मागून आणलेले डाळिंबाचे क्रेट, कांद्याच्या वासाचं बारदान आणि धुऊन घडी घातलेल्या जुन्या सोलापुरी चादरींची चळत घेऊन. यंत्रमागावरच्या चिंध्यांचं एक गाठोडंही होतं. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, परगावचे लोक ती आवर्जून विकत नेतात. पण विरलेली चादर आरशाच्या कपाटाला दोन पदरी गुंडाळून वरून सुती दोर आवळला की काचेला चरासुद्धा पडत नाही, हे मी तुमच्या हातून पाहिलं. सगळं सामान उतरल्यावर तुम्ही त्या चादरी झटकल्यात, घड्या घातल्यात आणि परत घेऊन गेलात. आमच्या नव्या दारात कचरा म्हणून उरलं काय, तर थोडी सुतळी. तीही आईनं गुंडाळून ठेवली.

आणि ते कप! बाबांनी हौसेनं घेतलेला चिनी मातीचा सेट, फुटेल म्हणून आम्ही कधी वापरलाही नाही. मी त्यासाठी रद्दी शोधत होते. तुम्ही ज्वारीच्या कोठीचं झाकण उघडलंत, कोपरापर्यंत हात घालून मधे खड्डा केलात, एकेक कप दाण्यांनी आतून भरून उलटा बसवलात आणि वरून ओंजळीनं ज्वारी सोडलीत. बशा उभ्या खोचल्यात. लोणच्याच्या बरणीच्या गळ्याशी चिंध्यांची चुंबळ करून तिला क्रेटमध्ये बसवलंत. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आमच्या घरी वर्षाची भरलेली असते, तिचा असा उपयोग मला ठाऊक नव्हता. आईला होता. "आमच्या माहेरी गूळ आणि बांगड्या अशाच यायच्या," ती पुटपुटली. ते मी ऐकलं आणि तुम्हीही ऐकलंत. तुम्ही तिच्याकडे बघून मान हलवलीत.

फ्रीज तुम्ही आडवा करू दिला नाहीत. पोरांना ओरडलात, "उभाच घ्या, आणि तिकडं गेल्यावर लगेच बटन दाबायचं नाही, तीन-चार तास राहू दे." दाराचं रबर ढिलं झालं होतं, तेवढ्यावरून सगळे त्याला भंगारात काढायला निघाले होते. रबर बदलून घेतलं, छान चालतोय. त्याच्या मागच्या पाटीवर आर-१३४ए, म्हणजे आतल्या थंड करणाऱ्या वायूचं नाव, लिहिलेलं आहे. भंगारात तांब्याच्या नळीसाठी तो फोडला असता तर तो वायू थेट हवेत गेला असता, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. मे महिन्यात ४२-४३ अंशांत भाजून निघणाऱ्या गावाला आणखी ऊब कशाला हवी? गाद्यांचंही तसंच. कापूस पिंजून घेतला, खोळी नव्या शिवल्या, रात्री आईला शांत झोप लागते. डब्याएवढा जुना टीव्हीही तुम्ही भंगारवाल्याला द्यायला नको म्हणालात, त्याची काच फोडली की शिसं मातीत जातं म्हणून. तो गॅलरीत चादरीखाली आहे. ई-कचरा नीट घेणाऱ्याकडेच जाईल.

पण अण्णा, हे पत्र मी कपांसाठी किंवा फ्रीजसाठी लिहीत नाही.

आदल्या रात्री नळाला पाणी आलं होतं. सोलापुरात पाण्याचा दिवस म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही अवेळी. शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून आलेलं ते पाणी घरातल्या प्रत्येक भांड्यात भरून घ्यायचं, ही इथल्या बाईच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. सकाळी घर सोडायचं हे माहीत असूनही आई रात्री उठली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी सगळी पिंपं, घागरी, कळशा काठोकाठ भरून ठेवल्या. सकाळी भाऊ चिडला. "आता हे सगळं ओतूनच द्यायचं ना? कशाला भरलंस?" आई काही बोलली नाही. त्यानं पिंप तिरकं करायला हातही घातला होता, गटारीच्या बाजूला.

तुम्ही कपाटाचं एक टोक धरलं होतं. ते खाली ठेवलंत. अंगणात आलात, पिंपावरचं झाकण उचलून आत बघितलंत आणि भावाला काही न बोलता सरळ आईसमोर जाऊन उभे राहिलात. खांद्यावरच्या पंच्यानं हात पुसलेत आणि विचारलंत, "आक्का, हे पाणी कुणाला द्यायचं?"

एवढंच. तुम्हाला कदाचित आठवणारही नाही.

मला मात्र आईचा चेहरा आठवतो. तिनं मान वर केली. थोडा वेळ तुमच्याकडे बघत राहिली. मग भिंतीला हात लावून उठली, दारात आली आणि सांगायला लागली. समोरच्या मावशीला आधी, तिचा नळ ओळीत शेवटचा, तिच्यापर्यंत धारच पोचत नाही. मग कोपऱ्यावरच्या विडीवाल्या बाईला, तिची लेक बाळंतपणाला आली आहे. मागच्या खोलीतल्या कॉलेजच्या पोरांना एक कळशी, "ती मेली झोपून राहतात, त्यांचं पाणी नेहमी चुकतं." एक बादली रस्त्यावरच्या दगडी डोणीत, गाईवासरांना. आणि तळाचं गढूळ पाणी कडुनिंबाला. ती नावं सांगत होती आणि तुम्ही घागरी उचलत होता. तुमची दोन्ही पोरं, मग माझा भाऊ, मग गल्लीतली मुलं, सगळेच हाताखाली आले. बायका भांडी घेऊन बाहेर आल्या. प्रत्येकीनं आईचा हात धरला. निरोप घ्यायचा कसा म्हणून जी महिनाभर तोंड लपवून बसली होती, तिनं दारात उभं राहून साऱ्या गल्लीचा निरोप घेतला. पाण्याचा थेंब गटारीत गेला नाही.

मग पिंपं उलटी करून उन्हात ठेवलीत, फडक्यानं कोरडी केलीत आणि त्यातच अंथरुणं कोंबून भरलीत. कुलूप आईनं स्वतः लावलं. गाडीत पुढे तुमच्या शेजारी बसायचं तिनंच ठरवलं. मी आणि भाऊ मागून दुचाकीवर होतो. आसरा चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मला दिसलं, ती तुमच्याशी हातवारे करून काहीतरी बोलत होती. काय बोलत होती ते मी विचारलं नाही. इतक्या दिवसांनी ती आपणहून बोलत होती, हे बघूनच मला भरून आलं.

त्या टॅबवाल्या माणसानं आणि तुम्ही एकच घर पाहिलंत. त्याला त्यात टाकून द्यायचं सामान दिसलं. सामान जपायचं तर ज्याचं आहे त्याला विचारावं लागतं, हे तुमच्या अंगात आहे. तुम्ही 'पर्यावरण' हा शब्द दिवसभरात एकदाही उच्चारला नाहीत. पाणी सांडायचं नाही, डिझेल उगीच जाळायचं नाही, चालणारी वस्तू मोडायची नाही, म्हाताऱ्या माणसाला विचारल्याशिवाय तिच्या घरातलं काही हलवायचं नाही, हे सगळं तुमच्या लेखी एकच काम होतं. मला हे फार मोठं वाटतं. मी खूप शिकलेल्या लोकांची पर्यावरणावरची भाषणं ऐकली आहेत. कार्यक्रम संपल्यावर तिथं पडलेल्या पाण्याच्या अर्ध्या बाटल्याही मीच पोरांकडून गोळा करून घेतल्या आहेत.

आपल्या गावाला लोक रखरखीत म्हणतात. म्हणू देत. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत चुकलेलं पोर खांद्यावर घेऊन पोलीस चौकीपर्यंत चालत जाणारी माणसं या गावात आहेत. स्वतःकडे चार दिवसांचं पाणी मोजकं असताना दारात वाटसरूसाठी माठ भरून ठेवणारी आहेत. त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत. मी लहानपणापासून त्यांच्यातच वाढले आणि मधल्या काळात, खरं सांगते, ती संपली की काय अशी मला भीती वाटायला लागली होती. तुम्ही ती भीती घालवलीत.

आता पैशाचं. पाणी वाटण्यात तुमचा तास-दीड तास गेला, यार्डातलं दुसरं भाडं हातचं गेलं असेल. मी जास्तीचे पैसे पुढे केले तेव्हा तुम्ही ठरल्याएवढे मोजून घेतलेत आणि बाकीचे परत दिलेत. "पाण्याचे कसले पैसे," म्हणालात. पोरांच्या हातात मात्र आईनं शेंगाचटणीची पुडी आणि कडक भाकऱ्या दिल्या, त्या तुम्ही घेऊ दिल्यात, त्याबद्दलही आभार. ती चटणी तिनं उखळात कुटलेली होती. घर सोडायच्या आधी शेवटचं काहीतरी त्या उखळात करायचं, म्हणून केली होती. उखळही तुम्हीच उचलून आणलंत, एवढं जड. कंपनीवाल्याच्या यादीत ते 'टाकायचं' या रकान्यात होतं.

अडत्यांचे क्रेट वेळेवर परत पोचले असतील अशी आशा आहे. त्यात एक आमची पितळी पळी चुकून गेली असेल तर ठेवून द्या, आई म्हणते ती तुमच्याच घरी राहू दे. तुमच्या दोन्ही पोरांना माझा आशीर्वाद सांगा. धाकट्यानं दहावीचं गणित अवघड जातंय असं सांगितलं होतं. त्याला रविवारी माझ्याकडे पाठवा. फीचं नाव काढू नका, नाहीतर मीही तुमचंच वाक्य तुम्हाला ऐकवीन.

आमच्या खालच्या मजल्यावरचं कुटुंब दिवाळीनंतर कुंभारीकडे राहायला जाणार आहे. ते कालच विचारत होते, चांगली पॅकिंग कंपनी माहीत आहे का? मी त्यांना सांगितलंय, तारीख आपण ठरवायची नाही. अण्णांची रिकामी गाडी यार्डातून कधी परत येते ते आधी विचारायचं. जुन्या चादरी आणि रिकामी पोती आतापासून बाजूला काढायला लावली आहेत. तुम्ही होकार दिलात की मी त्यांना पक्कं कळवते.

तुमची,
साखर पेठेतली, आता जुळे सोलापूरची ताई